जासईहून मुंबई : चार वाटांचा विचार

चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूप्रदेश म्हणजे बेट, ही व्याख्या आपण शाळेतच पाठ केलेली असते. मुंबई मूळची सात बेटांची, हेही आपण परीक्षेत लिहितो. परंतु त्या बेटावर कोणी कोणत्या वाटेने जायचे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाही. आम्हा जासईकरांना मात्र तो रोज पडतो. मुंबई समोर आहे. मध्ये खाडी आहे.

सर्वांत जुनी वाट पाण्याची. उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँच निघते ती भाऊच्या धक्क्याला लागते. हा धक्का भाऊ अजिंक्य यांनी १८४१ च्या सुमारास बांधला. मासळी, भाजी, चाकरमानी आणि विद्यार्थी यांची ही पूर्वापार वाट. प्रवास तासाभराच्या आतला. मात्र मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबतात. म्हणजे येथे घड्याळाआधी तिथी पाहावी लागते.

दुसरी वाट सडकेची. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, त्यापूर्वी मोटारीने जाणाऱ्यास ठाण्याकडून वळसा घालावा लागे. पुलामुळे तो वळसा टळला. परंतु खाडीच्या कडेकडेने वर जाऊन पुन्हा खाली यायचे, हे राहिलेच. शिवाय बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरगाड्यांच्या रांगेत एसटी किती वेळ उभी राहील, याचा नेम नसतो.

तिसरी वाट रेल्वेची. १९९२ मध्ये हार्बर लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. उरणची लोकल २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये थेट उरणपर्यंत धावू लागली. नेरुळला गाडी बदलून मुंबई गाठता येते. ही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची वाट. मात्र एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ फलाटावर बसावे लागते.

चौथी वाट म्हणजे अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. एकूण लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, पैकी साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. शिवडीहून निघालेला हा पूल आमच्या शेजारच्या चिर्ल्यास उतरतो. अंतर वीस मिनिटांचे. तथापि मोटारसायकल व रिक्षा यांना त्यावर बंदी आहे आणि मोटारीस सुरुवातीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये ठेवण्यात आला. गावात घरोघरी दुचाकी आहे; मोटार थोड्यांकडे. त्यामुळे सर्वांत जवळची वाट बहुतेकांना सर्वांत दूरची ठरते.

येथे इतिहासाची आठवण करणे भाग आहे. नवी मुंबईसाठी १९७० पासून या भागातील जमिनी संपादित झाल्या. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. जासईचेच. ज्यांच्या शेतांवर हे रस्ते आणि बंदर उभे राहिले, त्यांच्या नातवंडांना मुंबईच्या महाविद्यालयात वेळेवर पोहोचता येते का, हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा नाही.

युरोपातील व्हेनिस हेही बेटांवरचे शहर. तेथे रेल्वेपूल १८४६ मध्ये आणि मोटारींचा पूल १९३३ मध्ये झाला. परंतु मोटार शहराच्या वेशीवरच थांबते. पुढे श्रीमंत असो वा गरीब, पायी चालावे किंवा होडीत बसावे. पूल झाले म्हणून सार्वजनिक होडी मोडीत निघाली नाही. आपणही हाच धडा घ्यावा. मोऱ्याचा गाळ काढावा, लोकलच्या फेऱ्या वाढवाव्यात आणि सेतूवरून जाणाऱ्या साध्या तिकिटाच्या बसला जासईच्या नाक्यावर थांबा द्यावा.

वाट किती जवळची, हे नकाशावर मोजता येते. ती कोणाची, हे मात्र नाक्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.