विस्मरणाचा रोजनामा

ताप चढला तर पारा तो दाखवतो, रक्त कमी झाले तर तपासणीचा कागद बोलतो. परंतु पाळी जाण्याच्या संधिकाळात बुद्धीवर जे धुके उतरते ते आपला पुरावाही आपल्याबरोबरच पुसून नेते, आणि म्हणून वैद्यापुढे बसलेल्या स्त्रीला ‘डोके चालत नाही’ यापलीकडे काही सांगता येत नाही. माझी सारी नोकरी न्यायालयाच्या दफ्तरात, प्रथम कारकून आणि पुढे शिरस्तेदार म्हणून झाली. नोंदीवाचून दावा उभा राहत नाही, हे तेथे रोज दिसत असे. तेच तत्त्व स्वतःच्या देहाच्या बाबतीत किती उपयोगी पडते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते, आणि गडबड त्याच्या काही वर्षे आधीपासून सुरू होते. माझेही तसेच झाले. दिवाणी कायद्याची कलमे, जुन्या पक्षकारांची नावे, कोणता बस्ता कोणत्या कपाटात, हे सारे जागच्या जागी होते. परंतु दिवसातून अनेकदा लिहिण्याचा ‘तहकूब’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी येऊन अडे, दूरध्वनी खाली ठेवताच पलीकडून सांगितलेली तारीख नाहीशी होई, आणि चार ओळींचा अर्ज पुन्हापुन्हा वाचूनही अर्जदाराचे मागणे काय, याचा उलगडा होत नसे. आत्याबाईंचा उतारवयातील स्मृतिभ्रंश मी जवळून पाहिला असल्यामुळे मनात जी शंका उठली ती उच्चारण्याचेही धैर्य होईना.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. जाऊबाई म्हणाल्या, “अहो, वय झालं, आता हे असंच चालायचं.” कचेरीतील एका हितचिंतकाने झोपेच्या गोळ्या सुचवल्या. यांतला पहिला सल्ला उपायाची वाटच बंद करतो आणि दुसरा धुके अधिक दाट करतो. कारण झोपेच्या कित्येक गोळ्या, तसेच सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या, स्मरणालाच मंद करतात, आणि औषधाच्या दुकानातून परभारे आणलेल्या गोळीचा हिशेब पुढे कोणी विचारीत नाही.

शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी विचारले, “नेमकं काय विसरता?” आणि मला एकही उदाहरण आठवेना! त्या हसल्या नाहीत. “लिहून आणा,” एवढेच म्हणाल्या. मग एका वहीत रकाने आखले: तारीख, काय विसरले, आदल्या रात्री झोप किती लागली, अंगातून गरम वाफा किती वेळा आल्या, पाळीची स्थिती, घेतलेली औषधे. काही आठवड्यांतच वही बोलू लागली. ज्या रात्री घामाने उशी भिजून जाग येई, तिच्या दुसऱ्या दिवशी चुकांचा रकाना भरलेला असे. निवांत झोपेनंतरचा दिवस बहुधा कोरा जाई. वहीतील जोरकस रक्तस्रावाच्या नोंदी पाहून बाईंनी तपासण्या लिहून दिल्या, आणि हिमोग्लोबिन कमी, शाकाहारामुळे ब-१२ जीवनसत्त्वही कमी, असे निघाले. थायरॉईड निर्दोष होते. पण तेही पाहावेच लागते, कारण त्याच्या मंदपणाची लक्षणे हुबेहूब अशीच असतात. म्हणजे सारा दोष एकट्या रजोनिवृत्तीच्या माथी मारून मोकळे झाले असते, तर दोन साध्या, उपचारसाध्य कारणांची चौकशीच झाली नसती.

रजोनिवृत्तीचा वाटा मात्र काल्पनिक नव्हे. इस्ट्रोजेन हे अंतःस्रावी द्रव्य केवळ गर्भाशयाची चाकरी करते असे नाही. मेंदूतील स्मरणाशी आणि अवधानाशी संबंधित भागांतही त्याचे कार्य चालते, आणि त्याचे प्रमाण वरखाली होऊ लागले की शब्द सापडणे व नवे ध्यानात राहणे यांवर परिणाम दिसतो. अमेरिकेत १९९६-९७ साली सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ पाहणीतून २००९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत संक्रमणकाळात स्त्रियांची नवे शिकण्याची गती मंदावते आणि पाळी थांबल्यानंतर ती पूर्ववत होते, असे दिसले. हे मला आधी कोणी सांगितले असते तर कित्येक रात्रींची धास्ती वाचली असती.

संप्रेरकोपचाराविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा एक भाग धोक्यांमुळे मुदतीपूर्वी थांबवला गेला, तेव्हापासून या औषधाची दहशत बसली. आजचे मत असे की साठीच्या आत, अथवा पाळी थांबून दहा वर्षे होण्यापूर्वी, गरम वाफा आणि निद्रानाश असह्य असतील तर निरोगी स्त्रीला त्याचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो; मात्र केवळ स्मरणासाठी ते देत नाहीत, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात झालेल्यांना ते सहसा वर्ज्य मानतात. निर्णय तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच व्हावा. तसेच किरकोळ तक्रारीसाठी ‘पिशवी काढून टाका’ असा हुकूम कोणी सोडला तर दुसरे मत घ्यावे. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली, तर जे बदल वर्षानुवर्षे सावकाश व्हायचे ते एकाएकी कोसळतात.

नित्याच्या व्यवहारात मला उपयोगी पडले ते असे: एका वेळी एकच काम, तारीख आणि रक्कम ऐकताक्षणी कागदावर, किल्ल्या-चष्म्याची जागा कायमची मुक्रर, बारकाव्याची कामे सकाळी, शिक्के-सह्यांची दुपारी, दुपारनंतर चहा बंद, निजण्याची वेळ ठरलेली, आणि रोज, घाम येईल इतक्या वेगाने, फिरणे.

कधी थांबू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. शब्द उशिरा आठवणे निराळे, आणि नेहमीचा रस्ता चुकणे, पैशांचे व्यवहार उमजेनासे होणे, घडलेला प्रसंगच साफ पुसला जाऊन त्याची जाणीवही नसणे निराळे. असे काही दिसले, किंवा विसरणे सतत वाढत गेले, तर मेंदूच्या तज्ज्ञाकडे जावे. एकाएकी वाचा गेली अथवा हात लुळा पडला तर घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठावे. बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर ते थेंबभर असले तरी तपासून घ्यावे. मनाची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तिलाही ‘वयाचा स्वभाव’ म्हणून सोडू नये.

अखेरची विनंती नोकरी करणाऱ्या भगिनींना. आपला अनुभव सर्वांत परिपक्व असतो नेमक्या त्याच वर्षांत हे धुके येते, आणि ‘आपल्याला आता झेपत नाही’ अशा समजुतीने कित्येकजणी बढती नाकारतात, मुदतीपूर्वी निवृत्तीचा अर्ज लिहितात. माझ्या खणातही तसा एक अर्ज सहीवाचून पडला होता. पुरावा पुरता यायच्या आत निकाल देऊ नये हा दफ्तराचा पहिला नियम आहे; तो स्वतःलाही लागू करावा, आधी वही भरावी, तपासण्या कराव्यात, उपचाराला पुरेशी मुदत द्यावी, आणि मगच सहीचा विचार करावा. मी तो अर्ज फाडला; शिरस्तेदारपद मला मिळाले ते त्यानंतर.