कॉम्प्रेसरची टाकी : रोजची निगा आणि सुरक्षित वापर

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि मळणी यंत्र यांचा प्रसार झाल्यापासून गावातील दुरुस्तीच्या दुकानांत व काही शेतकऱ्यांच्या वस्तीवरही हवेचा कॉम्प्रेसर दिसू लागला आहे. चाकांत हवा भरणे, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा काढणे, अवजारांना रंग देणे ही कामे त्याच्या साहाय्याने थोड्या वेळात होतात. यंत्र चालविण्यास सोपे असल्यामुळे त्यात काही धोका असेल असे सहसा कोणास वाटत नाही. इतर बहुतेक यंत्रांचा धोका फिरणाऱ्या भागांत असतो व यंत्र थांबले की तो संपतो. कॉम्प्रेसरचे तसे नाही. मोटार बंद केल्यावरही टाकीतील हवा दाबलेलीच राहते. म्हणून या यंत्राच्या बाबतीत प्रथम काळजी घ्यावयाची ती टाकीची होय.

टाकीवरील जोर

लहान कॉम्प्रेसरच्या टाकीत साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो इतका दाब ठेवतात. आकडा लहान दिसतो. परंतु टाकीचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर तिच्या एका टोकाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या एका झाकणावर आतून साडेपाच हजार किलोहून अधिक जोर पडत असतो. टाकीचा पत्रा शाबूत आहे तोवर तो हा जोर सहन करतो. पत्रा झिजला म्हणजे टाकी एकाएकी फाटते आणि तिचे तुकडे दूरवर उडतात.

टाकीत पाणी कोठून येते

पत्रा झिजविणारा शत्रू बाहेर नसून आत असतो. तो म्हणजे पाणी. हवेत नेहमीच थोडी वाफ असते. पावसाळ्यात, ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये २०-२५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. ही हवा दाबून तिचे आकारमान नवव्या हिश्श्यावर आणली आणि ती पुन्हा थंड झाली, म्हणजे तिच्यात तीन-साडेतीन ग्रॅमच वाफ मावते. उरलेल्या वाफेचे पाणी होऊन ते टाकीच्या तळाशी साचते. तासाला १० घनमीटर हवा ओढणारे यंत्र अशा हवेत एक तास चालले, तर सुमारे पेलाभर पाणी निघते. ते तसेच राहिल्यास तळाचा पत्रा आतून गंजत जातो. वरचा रंग मात्र नव्यासारखा दिसतो, आणि मालकास टाकी मजबूत असल्याचा भ्रम होतो.

पाणी सोडण्याची रीत

टाकीच्या तळाशी पाणी काढण्याचा लहान नळ असतो. दिवसाचे काम संपल्यावर पुढील क्रमाने पाणी काढावे :

१. मोटार बंद करून विजेची जोडणी काढावी.
२. टाकीतील हवा सोडून दाब कमी करावा. पाणी बाहेर ढकलण्यापुरता थोडा दाब राहू द्यावा.
३. चेहरा बाजूला ठेवून नळ हळूहळू उघडावा व खाली भांडे धरावे.
४. पाणी संपून नुसती हवा येऊ लागेपर्यंत नळ उघडा ठेवावा. रात्रभर तो तसाच राहू दिल्यास टाकी आतून कोरडी होते. सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी नळ बंद करावा.

निघालेले पाणी पाहण्याची सवय ठेवावी. ते दुधासारखे दिसल्यास त्यात तेल मिसळलेले असते. ते तांबूस असल्यास टाकी आतून गंजत आहे असे समजावे, आणि जाणकाराकडून तिची तपासणी होईपर्यंत यंत्र वापरू नये. ही तपासणी टाकीत पाणी भरून दाब देऊन करतात. पाणी जवळजवळ दबत नसल्यामुळे पत्रा फुटला तरी दाब तत्काळ नाहीसा होतो. दाबलेली हवा मात्र प्रसरण पावून तुकडे दूर फेकते. गळक्या टाकीस वेल्डिंगचे ठिगळ लावू नये, तसेच जुने पिंप टाकी म्हणून वापरू नये.

सुरक्षा झडप व दाबमापक

ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब वाढल्यास सुरक्षा झडप आपोआप उघडून जादा हवा सोडते. ती वरचेवर उघडते म्हणून तारेने बांधणे किंवा तिच्या जागी बूच बसविणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय. झडप वारंवार उघडत असेल, तर मोटार आपोआप बंद करणारा खटका बिघडला आहे काय, हे पाहावे. आठवड्यातून एकदा बाजूला उभे राहून झडपेची कडी ओढून ती मोकळी आहे याची खात्री करावी. दाबमापकाचा काटा अडकलेला असल्यास तो बदलावा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांत सुरक्षित दाबाची मर्यादा ओलांडली जाऊ नये यासाठी उपाय करणे बंधनकारक केले होते. गावातील लहान दुकान अशा कायद्याच्या कक्षेत येवो अथवा न येवो, धोका तोच असतो.

नळी कोणती असावी

शेतावर पीव्हीसीचे पाइप हाताशी असतात, म्हणून हवेसाठीही ते जोडण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. पाइपावर छापलेले ६ किलो किंवा १० किलो हे आकडे पाण्यासाठी आहेत. हवेने तो फुटल्यास त्याच्या धारदार चिरफळ्या उडतात. हवेसाठी बनविलेली रबरी नळीच वापरावी आणि तिला चिरा पडताच बदलावी.

चाकात हवा भरताना

ट्रॅक्टरच्या मागील चाकास पुष्कळदा एक किलोच्या आसपासच दाब लागतो, आणि टाकीत तर आठ किलो असतो. म्हणून मापक लावून थोडी थोडी हवा भरावी व टायर बनविणाऱ्याने दिलेल्या तक्त्यातील दाब पाळावा. टायरची कड रिमवर बसविताना अडीच किलोपेक्षा अधिक दाब देऊ नये. कड बसली नाही तर हवा सोडून टायर पुन्हा नीट लावावा. लांब नळी वापरावी आणि चाकासमोर न राहता बाजूला उभे राहावे.

अंगावर हवा घेऊ नये

मळणीनंतर अंगावरचा भुसा हवेच्या झोताने उडविण्याची सवय अनेकांस असते. या झोताने उडालेला कण डोळा निकामी करू शकतो. जखमेतून हवा शरीरात शिरल्यास प्राणावर बेतते. थट्टेने एखाद्याच्या तोंडाशी, कानाशी किंवा गुदद्वाराशी नळी धरल्यामुळे आतडी फाटून माणसे दगावली आहेत. ही थट्टा नव्हे, हे दुकानातील मुलांस स्पष्ट शब्दांत सांगावे. झोताने यंत्र साफ करताना चष्मा लावावा व समोर कोणी नाही हे पाहावे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील कॉम्प्रेसरची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहाव्यात : तळाचा नळ उघडतो काय, सुरक्षा झडप मोकळी आहे काय आणि पट्ट्यावर जाळी आहे काय. त्यानंतर चार शेतकऱ्यांसमक्ष टाकीतील पाणी भांड्यात काढून दाखवावे. जो नळ वर्षानुवर्षे कोणी उघडला नाही, त्यातून निघालेले तांबडे पाणी एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे रोजच्या या दोन मिनिटांच्या कामाचे महत्त्व सर्वांस सहज पटेल.