लागला, पण सुटला का?

वडनेर भोलजीत महामार्गाच्या कडेला माझा पीसीओ होता. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे पळवणारं मीटर आणि चिठ्ठी ओकणारा छोटा प्रिंटर. रात्री अकरानंतर दर पाव झाला की मलकापूर-नांदुऱ्याकडून येणारे ट्रकवाले रांग लावायचे. पुढे मोबाइल आले, पाटी उतरली आणि मी कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळलो. हे जुनं उगाळायचं कारण एवढंच, की आता सांगतोय ती चूक निदान माझ्या हातून तरी व्हायला नको होती. मीटर कधी थांबतं यावर ज्याचं पोट चाललं, त्यानेच नवं यंत्र बसवताना ते थांबतं का हे बघितलं नाही.

गावाजवळच्या एका जिनिंगच्या शेठजींनी बोलावलं होतं. त्यांच्याकडे तांब्याच्या तारेच्या दोन जुन्या लाइनी. नंबर आजूबाजूच्या गावांतल्या कापूसवाल्यांना तोंडपाठ, त्यामुळे तो सोडायचा नव्हता. फोन मात्र चार ठिकाणी हवे होते: कार्यालयात, वजनकाट्यावर, प्रेसमध्ये आणि सरकीच्या गोदामात. कॉम्प्युटरची केबल कॅमेऱ्यांसाठी सगळीकडे फिरलेलीच होती. मी म्हटलं, गेटवे लावू. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर वापरलेला एक डबा घासाघीस करून घेतला आणि रात्रीच्या रेल्वेने मांडीवर घेऊन आलो.

गेटवे म्हणजे दुभाष्या. त्याच्या एका हाताला टेलिफोनची तार, दुसऱ्या हाताला कॉम्प्युटरचं जाळं. तारेवरून आलेल्या आवाजाचे तो साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो, पाकिटांत भरतो आणि सेकंदाला पन्नास पाकिटं जाळ्यात सोडतो. कोणाला फोन करायचा, कोणी उचलला, कोणी ठेवला, ही बोलाचाली ‘सिप’ नावाच्या भाषेत चालते. डब्याच्या मागे दोन जातींची भोकं असतात आणि दिसायला ती जुळी भावंडं. एकाला म्हणतात एफएक्सओ, त्यात एक्स्चेंजकडून आलेली तार लावायची. दुसरं एफएक्सएस, त्यात साधा फोन लावायचा. गोंधळ झाला तर साधा फोन घेऊन भोकात खुपसा आणि कानाला लावा. टोन आला तर ते फोनचं भोक. टोन नाही, तर ते बिचारं स्वतःच एक्स्चेंजकडून टोन यायची वाट बघतंय. उलटसुलट लावून डबा जाळू नका. एक्स्चेंजच्या तारेवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. बोटं ओली असतील तर हे आकडे पुन्हा विसरत नाहीत.

संध्याकाळपर्यंत चारही फोन वाजले. काट्यावरच्या पोऱ्याने प्रेसमधल्याला फोन करून चहा मागवला. मी पैसे घेतले आणि घरी आलो.

तिसऱ्या दिवशी शेठजी तापले. “लाइन दुपारपासून बिझी. लोक माल घेऊन मलकापूरले गेले!” जाऊन पाहतो तर दोन्ही हिरवे दिवे लागलेले आणि फोनवर कोणीच नाही. डबा बंद करून चालू केला, दिवे विझले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवस मी हाच इलाज केला, हे कबूल करायला आता लाज वाटते.

कारण साधं होतं. समोरच्याने फोन ठेवला हे डब्याला कळतच नव्हतं. माणसाला कळतं, कारण कानात ‘टूं-टूं’ सुरू होतं. डब्यालाही ते ऐकता येतं, पण कोणत्या देशाची टूं-टूं ऐकायची ते आधी सांगावं लागतं. माझ्या डब्याचा देश होता अमेरिका. तिथला बिझी टोन ४८० आणि ६२० हर्ट्‌झ अशा दोन सुरांचा, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. आपला एकसुरी, ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. डबा तासन्‌तास आपली टूं-टूं ऐकत बसायचा आणि कोणीतरी बोलतंय असंच समजायचा. देश बदलला, आकडे भरले, लाइन सुटायला लागली.

यातली चुटपुट वेगळी आहे. माझ्या बूथच्या मीटरला हा प्रश्न कधीच पडला नव्हता. पीसीओच्या लाइनीवर एक्स्चेंज खूण पाठवायचं: समोरच्याने फोन उचलला की तारेची धन-ऋण बाजू उलटायची, ठेवला की पुन्हा सुलटायची. मीटर त्यावरच चालू-बंद व्हायचं. तीच खूण ओळखायची सोय गेटवेत असते, नाव ‘पोलॅरिटी रिव्हर्सल’. लाइनीवर ती देतात का, हे टेलिफोन कंपनीला आधी विचारा. देत असतील तर टोन ऐकत बसण्यापेक्षा ती कधीही भरवशाची. दहा वर्षं ज्याच्या जिवावर खाल्लं, तेच मी विसरलो होतो.

इथवर नुकसान थोडं होतं. खरी घाण पुढे केली.

शेठजींचं कुटुंब अकोल्याला. तिथल्या घरी पाचवा फोन हवा, म्हणजे घरी बसून जिनिंगच्या नंबरवरून बोलता येईल. मी इंटरनेटवरून जोडून दिला. घंटी वाजली, पण आवाज एकाच बाजूने. शेठजी इकडे “हॅलो, हॅलो” करून दमले, तिकडे वहिनींना सगळं ऐकू येत होतं. हा या धंद्यातला सगळ्यात जुना आजार. कार्यालयातला पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता वेगळे असतात. डबा बोलण्याच्या ओघात आतला पत्ता सांगून मोकळा होतो आणि बाहेरून निघालेली पाकिटं त्या पत्त्यावर कधी पोचतच नाहीत. पुष्कळ राउटरांत ‘सिप एएलजी’ नावाची मदतनीस सोय असते, ती बहुतेक वेळा मदत कमी आणि लुडबुड जास्त करते. आधी ती बंद करून पाहायची असते. मी पाहिली नाही. राउटरमध्ये आणखी एक सोय सापडली: बाहेरून जे काही येईल ते सगळं या यंत्राकडे पाठव. ती चालू केली आणि आवाज दोन्हीकडून आला. वहिनींनी माझ्यासाठी पेढे पाठवले.

मी काय केलं होतं? डब्याचं दार सगळ्या जगाला उघडं टाकलं होतं. अकोल्याच्या फोनचा नंबर २०१ आणि पासवर्डही २०१.

लक्ष्मीपूजनाला जिनिंगला सुट्टी. वह्यांची पूजा झाली, कुलूप लागलं. भाऊबीजेच्या सकाळी राखणदार माझ्या दारात. “भाऊ, तुमचा डबा दोन राती टिकटिक करून राहिला. हिरवे दिवे काही इझेनात. म्या म्हटलं, शेठजी बोलत असतीन अकोल्याहून.”

टिकटिक म्हणजे आतला रिले. लाइन उचलली की एकदा वाजतो, ठेवली की एकदा. कुलूप उघडून डब्याची नोंद वाचायला लागलो आणि पाय गार पडले. पहिला फोन रात्री एक वाजून काही मिनिटांनी. दोन्ही लाइनींवर, एकामागून एक, नाव न ऐकलेल्या देशांत. शेठजींच्या गाठी बांगलादेशला जायच्या म्हणून एके काळी दोन्ही लाइनींवर आयएसडी उघडलेली होती, ती तशीच राहून गेली होती. बिल आलं तेव्हा आकडा लाखाच्या घरात. कंपनी म्हणाली, फोन तुमच्याच लाइनीवरून गेले, म्हणजे बिल तुमचंच, आणि हे म्हणणं खोटं कसं म्हणणार? शेठजींनी भरलं. मी मजुरी परत केली, वर तीस हजार दिले. ते त्यांनी घेतले, आणि घ्यायलाच हवे होते.

कोणी केलं हे? समोर माणूस असेलच असं नाही. सिपचं नेहमीचं दार म्हणजे ५०६० क्रमांकाचा पोर्ट. जगभरची यंत्रं रात्रंदिवस हेच दार ठोठावत फिरतात. १००, १०१, २०१ असे नंबर घ्यायचे, तोच पासवर्ड मारून बघायचा. उघडलं की परदेशातल्या अशा महागड्या नंबरांना फोन लावायचे, जिथे प्रत्येक मिनिटाचा काही वाटा नंबरवाल्याला मिळतो. आपण बिल भरतो, तो वाटा खातो. सुट्टीची रात्र त्यांना बरोबर कळते, कारण सुट्टी असो नसो, ते रोजच येतात. सुट्टीच्या दिवशी आपण नसतो, एवढंच.

आता मी काय करतो ते सांगतो. जिथे काम घेतो तिथे पहिला अर्ज आयएसडी बंद करण्याचा, तोही टेलिफोन कंपनीकडे. डब्यात बंद केलेली आयएसडी डबा फुटला की उघडते, कंपनीकडे बंद केलेली उघडत नाही. त्यानंतर डब्यातही ००ने सुरू होणारा प्रत्येक नंबर अडवायचा. एका बोलण्याला तासाची मर्यादा. रात्री नऊ ते सकाळी सात बाहेरचे फोन बंद. जिनिंगला रात्री दोन वाजता कोणाशी बोलायचं असतं? पासवर्ड लांबलचक, कागदावर लिहून तिजोरीत. बाहेरून डब्याकडे येणारी वाट एकही नाही. दोन कार्यालयं जोडायचीच असतील तर मध्ये व्हीपीएनचा बंद बोगदा. दार उघडं ठेवून त्यावर पहारेकरी बसवण्यापेक्षा दारच नसलेलं बरं. बोगद्यातून बोलायला अपलोडचा वेग मोजा, डाउनलोडचा नव्हे. नेहमीच्या ‘जी ७११’ पद्धतीत एका बोलण्याला प्रत्येक दिशेला ९० किलोबिटच्या आसपास लागतात, ‘जी ७२९’मध्ये तीसेक.

कायद्याचं पण बघा. मी बघितलं ते पोळल्यावर. १ एप्रिल २००२ पासून आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर किंवा परदेशातल्या फोनवर. देशातल्या साध्या फोनवर नाही. २०१८ मध्ये परवानाधारक टेलिफोन कंपन्यांना ती सेवा देता येऊ लागली. म्हणजे इंटरनेटवरून आलेला आवाज साध्या लाइनीत सोडणं हा दुरुस्तीवाल्याने स्वतःच्या हुशारीने करायचा उद्योग नाही. अकोल्याचा पाचवा फोन मी काढून टाकला आणि शेठजींना कंपनीकडूनच रीतसर जोडणी घ्यायला लावली. आवारातल्या आवारात चार फोन खुशाल फिरवा. आवाराबाहेर जायचं तर आधी कंपनीला लेखी विचारा.

त्याच हिवाळ्यात एक गुळगुळीत बोलणारा गडी दुकानात आला. “दादा, एक डबा ठेवायचा. बत्तीस सिम आहेत त्यात. तुम्ही फक्त वीज अन् वायफाय द्या, महिन्याला भाडं घरपोच.” आधीचा मी असतो तर कदाचित ठेवला असता. परदेशातून इंटरनेटवर आलेले फोन असे डबे इथल्या सिमवरून लावून देतात. घेणाऱ्याला दिसतो दहा आकडी भारतीय नंबर, खरा बोलणारा मात्र कुठला कुठे. पोलिसांना डबा सापडतो तो आपल्या दुकानात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय अशी सेवा चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका माणसाच्या नावावर नऊच्या वर सिम चालत नाहीत, मग बत्तीस कोणाच्या नावावर असतील याचा विचार तुम्हीच करा. त्याला चहा पाजून वाटेला लावला. परदेशातला फोन भारतीय नंबरवरून आलाय अशी शंका आली, तर सरकारच्या ‘संचार साथी’वर तक्रार करता येते.

विजेचं राहिलंच. मृगाच्या तोंडावर आपल्याकडे कडकडाट झाला की माणसं मेन स्विच पाडतात आणि टेलिफोनची तार तशीच ठेवतात. माझा दुसरा एक डबा असाच गेला, प्लग काढून ठेवलेला असताना. तारेवरही संरक्षक लावा आणि त्याची अर्थिंग खरी, म्हणजे जमिनीत गेलेली, करा. खिळ्याला गुंडाळलेली नको. आणि एक साधा फोन थेट तारेवर लावायची सोय ठेवा. वीज गेली की डबा मुका होतो. तांब्याच्या तारेला मात्र एक्स्चेंजकडून वीज मिळते, तो फोन अंधारातही बोलतो.

जिनिंगमधला तो डबा आजही भिंतीवर आहे. कुठेही नवं काम केलं की मी चार फोन लावून बघत नाही, चार फोन ठेवून बघतो: इकडून आधी, तिकडून आधी, बोलता बोलता केबल उपटून, घंटी वाजत असताना कापून. दरवेळी दिवा विझेपर्यंत उभा राहतो. राखणदाराला सांगून ठेवलंय, रात्री हिरवा दिवा दिसला तर किती का वाजले असेनात, मला उठव. आजवर त्याने एकदाच उठवलं. काट्यावरच्या फोनची तार उंदराने कुरतडली होती, दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि डब्याला वाटत होतं कोणीतरी फोन उचललाय.