शिल्ला : इटलींतील एक जुना कोळीवाडा

नकाशांत इटली देश बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या चवड्याशीं, सिसिली बेटाकडे तोंड करून, शिल्ला नांवाचें कोळ्यांचें गांव वसलें आहे. नेपल्सहून दक्षिणेस जाणाऱ्या आगगाडीनें आम्ही तेथें गेलों.

गांवाच्या मध्यभागीं समुद्रांत घुसलेला एक उंच खडक असून त्यावर रुफो घराण्याचा किल्ला आहे. खडकाच्या एका अंगास वाळूची चौपाटी, दुसऱ्या अंगास कियानालेआ हा जुना कोळीवाडा. येथील घरें इतकीं पाण्यालगत आहेत कीं, लाटा भिंतींवर आपटतात. बोळांतून चार पायऱ्या उतरावें, तों होडीच पुढें येते! ग्रीक महाकवि होमर याच्या काव्यांतील सहा तोंडांची राक्षसी स्किल्ला याच खडकांत राहत असे, असें प्राचीन लोक मानीत. तिनें ओडिसियसाच्या गलबतावरील सहा खलाशी उचलून नेले, अशी कथा आहे. राक्षसी अर्थातच आम्हांस दिसली नाहीं. पण कथेंतील दुसरें संकट, म्हणजे समोरच्या तीराकडील भोंवरा, अगदींच काल्पनिक नव्हे. सामुद्रधुनीच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील समुद्रांच्या भरतीओहोटीच्या वेळा परस्परविरुद्ध असल्यामुळें त्या चिंचोळ्या वाटेंत पाण्याची धांव सुमारें दर सहा तासांनीं उलटते व भोंवरे उठतात.

उन्हाळ्यांत येथील कोळी तलवारीसारखी लांब चोंच असलेल्या मोठ्या माशाची शिकार करितात. नौकेवर उंच लोखंडी डोलकाठी असते. तिच्या माथ्यावर बसून टेहळ्या मासा हेरतो व सुकाणूही तेथूनच चालवितो. पुढील टोंकास डोलकाठीहूनही लांब अशी एक अरुंद वाट पाण्यावर पुढें काढलेली असते. तिच्या शेवटीं भालेकरी उभा राहतो. नौकेची चाहूल लागण्यापूर्वींच तो माशाच्या माथ्यावर येतो. पूर्वीं हेंच काम लहान वल्ह्यांच्या होड्यांनीं व कड्यावरील टेहळ्यांच्या आरोळ्यांनीं होई. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतील इतिहासकार पॉलिबियस यानें या शिकारीचें केलेलें वर्णन स्ट्रेबोच्या ग्रंथांत आढळतें. त्यांतही टेहळ्या, वल्हेकरी व दोरी बांधलेला भाला आहेच. धरलेल्या माशाच्या अंगावर कोळी नखांनीं क्रुसाची खूण ओढतात. ज्याला मारलें त्याचा हा मान आम्हांस फार आवडला.

पण या गांवावर खरें संकट राक्षसीनें आणलें नाहीं. ५ फेब्रुवारी १७८३ रोजीं दुपारीं मोठा भूकंप होऊन घरें कोसळलीं. पुन्हां धक्के बसतील या भयानें लोक चौपाटीवर व होड्यांत रात्र काढण्यास गेले. त्यांची चूक झाली असें कोणीं म्हणावें? घर अंगावर पडतें, वाळू पडत नाहीं. मध्यरात्र उलटल्यावर दुसरा धक्का बसला आणि जवळच्या पाची डोंगराची कड तुटून समुद्रांत गेली. त्यानें उसळलेली लाट चौपाटीवर चढली व सुमारें १,५०० माणसें गेलीं. त्यांत गांवचे वृद्ध सरदार रुफो हेही होते. पुढें २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपानेंही हें गांव उद्ध्वस्त झालें. तरी लोकांनीं घरें पुन्हां पाण्यालगतच बांधलीं.

चौपाटीवर उभें राहिलें म्हणजे त्या डोंगराची तुटलेली कड अजून स्पष्ट दिसते. आम्ही गेलों तेव्हां मुलें तिच्यासमोर पोहत होतीं, आणि त्यांच्या आया त्यांना जेवावयास हांका मारीत होत्या.