मजुरी खाली का येत नाही?

मागणी घटली की किंमत उतरते, हा नियम भाजीबाजारात रोज दिसतो. मजुरीला मात्र तो सहसा लागू पडत नाही. सनातनपंथी अर्थशास्त्रज्ञांच्या मते मजुरी उतरू दिली की बेकारी आपोआप ओसरते. केन्सने १९३६ साली हे मत खोडून काढले. (आमच्या क्रमिक पुस्तकाने हा मुद्दा चार ओळींत उरकला आहे!) महागाईने वास्तव वेतन घटले तर कामगार ते सोसतो, कारण ती झळ सर्वांनाच सारखी लागते. हातात पडणाऱ्या रुपयांतील कपात मात्र त्याला सोबत्यांच्या खाली नेते.

हे संघटित कामगारांपुरतेच खरे असेल, असे वाटेल. परंतु सुप्रीत कौर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भारतातील शेतमजुरांविषयी हेच दाखविले आहे. या मजुरांना ना युनियन, ना लेखी करार. तरीही चांगल्या पावसाच्या साली चढलेली मजुरी पुढे खाली येत नाही. दुष्काळातही ती उतरत नाही. घटते ते काम. चांगल्या सालानंतरच्या वर्षी रोजगार सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले.

माझी आई खुरपणीला जाते. कमी मजुरीवर गेलेल्या बाईला आमच्याकडे बाकीच्या बायका सोबत घेत नाहीत. मालकही मजुरी पाडत नाही. नाराज हात तण अर्धेच काढतात, हे तो जाणून असतो. तेव्हा मजुरी टिकते, पण ती बोलावणे आलेल्यांची. बोलावणे न आलेल्या घरांसाठीच १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला, असे मी समजतो. त्याआधी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामे निघाली होती. माझी आजी त्यांवर खडी फोडायला जात असे.