वर्गासाठी टॅब पारखावा कसा?

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेला माजी विद्यार्थी नववी-दहावीसाठी ४० टॅब देणार आहेत. दुकानदार रॅम, प्रोसेसर, कॅमेरा यांचीच माहिती देतो. त्यातले वर्गात कामाला येते काय आणि टॅब पारखायचा कसा?
— एक मुख्याध्यापिका

उत्तर : बाई, आधी एकच टॅब चार दिवसांसाठी मागून घ्या आणि त्यावर बालभारतीचे ‘गणित भाग २’, म्हणजे भूमितीचे पुस्तक उघडा. ए-फोर आकाराचे पान २१ सेंटिमीटर रुंद असते. आठ इंची टॅब उभा धरला तर त्याचा पडदा जेमतेम ११ सेंटिमीटर रुंद भरतो. पान निम्म्यावर येते आणि आकृतीवरची अक्षरे वाचता येत नाहीत. मग मुले पान मोठे करतात. आकृती दिसते तेव्हा सिद्धता पडद्याबाहेर जाते आणि सिद्धता दिसते तेव्हा आकृती. प्रमेय समजायला तर दोन्ही एकत्र दिसावी लागतात. दहा इंची टॅबवर रुंदी साडेतेरा सेंटिमीटरपर्यंत जाते, तेवढ्याने बराच फरक पडतो. माझ्या मते शाळेसाठी दहा इंचांखाली जाऊच नये, मग कॅमेरा साधा असला तरी चालेल.

स्वस्ताईच्या मोहाचा एक धडा आपल्याच देशात आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅबचे अनावरण झाले. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचे कौतुक झाले, पण त्याचा पडदा बोट दाबल्यावरच चालणारा होता आणि रॅम अवघी २५६ एमबी. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘आकाश २’मध्ये हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा द्यावा लागला. म्हणून दोन-तीन विद्यार्थ्यांना बसवून टॅबवर त्रिकोण काढायला सांगा. तळहात टेकला की भलतीच रेघ उमटते का, ते पाहा. मग ‘प्रकाशसंश्लेषण’ आणि ‘वाऱ्यांचे’ हे शब्द टाइप करायला लावा. ‘ऱ्या’ सापडायला मिनिट लागत असेल तर मराठीचे उत्तर त्या टॅबवर कोणी लिहिणार नाही.

आता नेटचे पाहू. ४० मुलांनी एकदम व्हिडिओ लावला आणि प्रत्येकाला २ एमबीपीएस लागले, तर एकूण ८० एमबीपीएसचा वेग हवा. घरगुती राउटरवर एवढी मुले जोडली की तो गुदमरतोच. ‘दीक्षा’ अॅपमधले पाठ आधीच उतरवून ठेवता येतात, त्यामुळे साठवणुकीची जागा मात्र भरपूर घ्या.

टॅब शाळेच्या ताब्यात राहील का, हाही मोठा प्रश्न आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना आयपॅड वाटायला सुरुवात केली. काही आठवड्यांतच हायस्कूलच्या मुलांनी टॅबमधली एक नोंद पुसून सगळी बंधने उठवली. वर परीक्षेसाठी कीबोर्ड लागतील, हा खर्चही हिशेबात धरलेला नव्हता. २०१४ मध्ये करार थांबवावा लागला. सगळे टॅब एका जागेवरून बंद-चालू करण्याची, अॅप घालण्या-काढण्याची व्यवस्था असते, तिला एमडीएम म्हणतात. ती नसेल तर तो टॅब घेऊ नका.

शेवटी घड्याळ लावून एक तास घ्या. टॅब वाटणे, सुरू करणे आणि परत गोळा करणे यात ३५ मिनिटांच्या तासातली १० मिनिटे जात असतील, तर शिकवायला उरले काय? चार्जिंगचेही आधीच ठरवा. ४० चार्जरचा भार फार नसतो, अडते ते प्लग-पॉइंटपाशी आणि ते काम रोज कोण करणार यापाशी.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगा, की ४० नकोत, २० चांगले द्या, दोघांत एक पुरेल. उरलेल्या पैशांतून जाड कव्हरे, कुलपाचे चार्जिंग कपाट आणि तीन वर्षांची दुरुस्ती मागून घ्या.