चटकचांदणीवरून आलेले पाहुणे

मागच्या आठवड्यात आमच्या गावावर परग्रहवासीयांनी ताबा मिळवला. शाळेच्या स्नेहसंमेलनात, आठवी ‘ब’च्या पोरांनी. अंगाला चंदेरी कागद, डोक्यावर सायकलच्या तारांची शिंगं, कपाळावर लुकलुकणारा लाल दिवा. यान उतरलं थेट एसटी स्टँडवर. म्होरक्या नगरपालिकेत जाऊन गरजला, “आजपासून हे गाव आमचं!” खिडकीतल्या बाबूनं मान वर न करता सांगितलं, “रहिवासी दाखला, दोन फोटो आणि पाणीपट्टीची पावती.” तिथून पुढे अर्धं नाटक तो बिचारा झेरॉक्सच्या दुकानात. शेवटी दाखला काही मिळत नाही म्हणून सगळे यानात बसून परत गेले.

मी प्रमुख पाहुणा. हसता हसता माझी नजर मागच्या पडद्याकडे गेली. परग्रहावरचं जंगल म्हणून हिरवीगार झुडपं ओळीनं उभी केलेली. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. मग हातातल्या गुच्छाकडे पाहिलं. चार गुलाब, दोन जरबेरा आणि मधल्या रिकाम्या जागेत भरणीला तीच पांढरी फुलं. गुच्छ मी हळूच खुर्चीखाली सरकवला.

तिसऱ्या दिवशी शाळेतले शिपाई मामा दवाखान्यात आले. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, मान लाल, कोपराच्या खोबणीत खाजवून खाजवून पाणी सुटलेलं. “डॉक्टरसाहेब, नाटकात काम पोरांनी केलं आणि राक्षस मी झालो.” जंगल कुणी तोडून आणलं, हे विचारायची गरजच नव्हती.

तर आजचा विषय हे जंगल. गाजरगवत, काँग्रेस गवत, पांढरफुली, चटकचांदणी अशी या वनस्पतीची नावं. (दुसऱ्या नावाच्या राजकारणात मी शिरत नाही.) ती मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण प्रदेशातली. आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात उकिरड्यावर ती अभ्यासकांच्या नजरेत भरली. अमेरिकेच्या ‘पी. एल. 480’ करारातल्या गव्हातून आली, असं घरोघरी सांगतात. पण भारताशी तो करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये, म्हणजे तारखांचा मेळ नीट बसत नाही. त्याआधी 1951 मध्येही अमेरिकेचा गहू आला होता म्हणा. कशीही आली असो, दाखला न मागता आपण तिला जागा दिली. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज येतात, त्या वाऱ्यावर, पाण्यातून, ट्रकच्या चाकांना चिकटून फिरतात. गटाराची ओल मिळाली तर बारा महिने हिरवी. वर तिच्या अंगातून झिरपणारी द्रव्यं शेजारच्या रोपांना वाढू देत नाहीत. एच. जी. वेल्सच्या 1898 च्या कादंबरीत मंगळावरच्या स्वाऱ्यांबरोबर एक लाल तणही पृथ्वीवर येतं आणि इथल्या जंतूंपुढे शेवटी कुजून जातं. आमची चांदणी त्या मानानं फारच चिवट.

आता मामांच्या पापण्यांकडे येऊ. या झाडाच्या पानाखोडांवर बारीक लव असते आणि तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य. झाड वाळलं की त्याचा चुरा धुळीबरोबर उडतो. म्हणजे त्रास व्हायला झाडाला हात लावलाच पाहिजे असं नाही, त्याच्या कडेनं रोज सायकलवर गेलात तरी पुरतं. शरीर कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं हे निमूटपणे सोसतं. आतल्या आत मात्र त्याची नोंद ठेवत असतं. एके दिवशी तेच शरीर बंड करतं. मामा पंचवीस वर्षं शाळेमागचं गवत कापताहेत, मग याच वर्षी का, असं त्यांनी मला विचारलं. त्याचं उत्तर हेच.

हे बंड ताबडतोब होत नाही. संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी पुरळ उठतं, आणि इथेच सगळी फसगत होते. माणूस आठवतो काल काय खाल्लं ते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेकांनी वांगं सोडलेलं होतं, दोघांनी अंडी, एकानं तर सासुरवाडीला जाणं. वांग्याचा यात काडीचा दोष नाही.

ओळखायचं कसं? उन्हाची ॲलर्जी असेल तर कानामागची आणि हनुवटीखालची सावलीतली जागा सहसा सुटते. उडणारा चुरा मात्र तिथेही पोचतो. पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, मानेच्या वळ्या, कोपराची आणि गुडघ्यामागची खोबण, अशा जागा धरल्या असतील, पावसाळ्यात दुखणं वाढत असेल आणि रोगी शेतावर किंवा उघड्यावर राबणारा मोठा माणूस असेल, तर मी आधी घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटची चौकशी करतो. लहान मुलांना हे क्वचित होतं, म्हणून आमचे परग्रहवासी बचावले. खात्री करायला त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून जागा बघतात, पुढे पुन्हा एकदा बघतात. या गवताच्या परागानं शिंका आणि दमाही होतो. त्याची तऱ्हा निराळी, त्यावर पुन्हा कधीतरी.

मामांच्या खिशातून एक पिळून चपटी झालेली ट्यूब निघाली. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. या ट्यूबवर माझा जुना राग आहे. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, जंतूंचं औषध आणि नायट्याचं औषध अशी मिसळ असते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस दोन वर्षं लावत बसतो. चेहऱ्याची कातडी पातळ होते, मुरमं येतात, डोळ्यांभोवती फार दिवस लावली तर काचबिंदू-मोतीबिंदूची भीती. स्टेरॉइड वाईट नाही, मी स्वतः लिहून देतो. पण कोणतं, किती दिवस, कुठे, हे डॉक्टरनं ठरवायचं. दुखणं हट्टी झालं तर ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्याही असतात. त्या चालू असताना ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर त्या मुळीच आणू नका.

घरी करण्यासारखं साधं आहे. बाहेरून आलात की कपडे बदला, चेहरा-मान-हात गार पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, ओलसर अंगावरच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळा. चिघळलं असेल तर गार पाण्याच्या पट्ट्या. लिंबू, डेटॉल, राख यांतलं काही नको. धुतलेले कपडे गवताकडच्या दोरीवर वाळत घालू नका. शेवंती, झेंडू, सूर्यफूल हे या बाईचे सख्खे नातेवाईक. काहींना त्यांचाही त्रास होतो, तेव्हा दसऱ्याची तोरणं दुसऱ्या कुणाला ओवू द्या. पू झाला, ताप आला, धाप लागली किंवा डोळेच उघडेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हे एकदा जडलं की बहुधा जन्माचं. औषधानं आटोक्यात राहतं, पण गवत टाळायलाच हवं.

ते उपटायचं, तर फुलण्याआधी, पावसानं जमीन मऊ असताना, मुळासकट. नुसतं कापलं तर बुंधा पुन्हा फुटतो. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडाला टॉवेल हवाच. ज्याला आधीच त्रास आहे त्यानं बाजूला बसून नुसत्या सूचना द्याव्यात. आमच्याकडे त्या कामाला माणसं कमी नाहीत. फुललेलं झाड खतात टाकू नका, बी पसरतं. वाळलेल्या गवताची होळीही करू नका, चुरा आणि धूर दोन्ही गावभर जातात. रिकाम्या जागेवर टाकळ्याचं बी फेका, तो दाट उगवून हिला दाबतो आणि कोवळा असताना भाजीही होते. ऑगस्टमध्ये 16 ते 22 तारखेला गाजरगवत जागृती सप्ताह असतो, तो मुहूर्त बरा.

या पाहुणीवर सोडलेला आणखी एक पाहुणाही आहे. फिकट अंगावर गडद पट्ट्यांचा मेक्सिकन भुंगेरा. 1983 मध्ये तो बंगळुरूला आणला, पुढच्या वर्षी मोकळा सोडला. पावसाळ्यात पानं फस्त करतो आणि कोरडे दिवस आले की जमिनीत जाऊन झोपतो. गवतावर दिसला तर मारू नका, हंगामी कामगार आहे.

मामा परवा पुन्हा दाखवायला आले. डोळे उघडले आहेत, मान अजून खरखरीत. पुढच्या वर्षीचं जंगल कागदाचं करायचं, असं चित्रकलेच्या सरांनी कबूल केलंय म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं, “साहेब, पोरांना दाखला मिळाला नाही म्हणून ती परत गेली. मग हिला कुणी दिला?”

मी त्यांना बुधवारची तारीख दिली.